बटरफ्लाय बीचला जायचंय? आधी तिथी बघा

दिवाळी संपली की आमच्या काणकोणच्या घरी पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. पुण्याची नणंद, कोल्हापूरचे मामेभाऊ, त्यांच्या ऑफिसातले मित्र. फर्माईश सगळ्यांची एकच: "कळंगुट-बागा नको. एखादा लहानसा, कुणाला माहीत नसलेला बीच दाखव." कुणालाच माहीत नसलेला बीच आता गोव्यात उरलेला नाही, हे मी पहिल्याच चहाला सांगून टाकते. पण गाडी थेट वाळूपर्यंत जात नाही, भोंगे नाहीत, आणि सकाळी लवकर गेलं तर आपल्याशिवाय फार तर एखादं जोडपं असतं, अशी जागा आहे. पाळोळे आणि आगोंद यांच्या मधल्या डोंगराच्या पोटात दडलेला बटरफ्लाय बीच. शिवाय पाळोळ्याच्या उत्तर टोकाला एक छोटंसं बेट आहे, तिथे ओहोटीला पायी जाता येतं. दोन्ही एकाच सकाळी उरकायचा मोह मात्र आवरा. दोघांनाही ओहोटीचेच तास लागतात आणि ते तास दिवसाउजेडी एकदाच नीट मिळतात.

"मग किती वाजता निघायचं?" असं पाहुण्यांनी विचारलं की मी भिंतीवरचं कालनिर्णय काढते. त्यांना वाटतं, मुहूर्त बघतेय.

माझं माहेर जयगडच्या खाडीकाठचं. अण्णा पाग घेऊन मासे मारायला जात. भरतीचा हिशेब त्यांनी आम्हा भावंडांना पाढ्यांबरोबरच शिकवला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा. द्वितीयेला दीड. षष्ठीला साडेचार. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, पक्ष बदलला की पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सव्वासहा तासांवर ओहोटी पूर्ण. हा हिशेब रत्नागिरीकडचा. गोव्यात पाणी थोडं आधी चढतं, म्हणून आलेल्या वेळेतून अर्धा-पाऊण तास वजा करायचा. बेत आखायला एवढं पुरतं. पक्की वेळ हवी असेल तर सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतं, त्यात मुरगाव बंदराचा तक्ता असतो; मोबाइलवर मुरगावचं नाव टाकलं तरी त्या दिवसाच्या वेळा येतात. निघायच्या आदल्या रात्री त्या बघाच. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त सुकते, एक कमी. हे तिथीवरून कळत नाही, तक्त्यातल्या आकड्यावरून कळतं.

आता कुठली तिथी चांगली? ओहोटीची वेळ सोयीची हवी आणि पाणीही चांगलं मागे हटायला हवं, अशा दोन गोष्टी जमवायच्या असतात. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारी बारा-साडेबाराच्या आत येते. वेळ अगदी सोयीची, पण तेव्हा भांग असतो. पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी पहाटे पाचच्या सुमाराला आणि संध्याकाळी पाचच्या. पहाटे अंधार, संध्याकाळी परतताना अंधार. म्हणून मी पाहुण्यांना पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावरचे द्वितीया, तृतीया, चतुर्थी हे दिवस देते. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसहा ते सव्वाआठच्या दरम्यान पडते. उजाडतं, ऊन नसतं, होडीवाले नुकते चहा घेत असतात. तारीख रविवारी येत असेल तर पुढच्या पंधरवड्यात जा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा तर सोडूनच द्या. त्या दिवसांत पाळोळ्यात गाडी लावायलाच तास जातो.

वेळ रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. काल कुणी तरी आठला गेलं आणि मजेत परत आलं, म्हणून परवाही आठलाच निघायचं, असं नसतं.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा, कारण बेटावर अडकलेली माणसं हाच विसरतात. ओहोटी पूर्ण झाल्यावर पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढणीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एकच भाग चढतो, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाच्या दिवसांत गोव्यात पाणी साधारण दोन मीटर चढतं. मुंबईच्या मानाने हे निम्मंच, पण माणसाच्या उंचीच्या मानाने बघा. पहिल्या तासात वीतभर पाणी वाढतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. तिसऱ्या तासात एकदम अर्धा मीटर. येताना घोट्याएवढं होतं ते मांडीच्या वर, आणि त्यात ओढ.

पाळोळ्याचं बेट

हे आधी सांगते, कारण ते सोपं आहे आणि लहान मुलं असतील तर बटरफ्लायपेक्षा हेच बरं. पाळोळ्याचा किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. वाळूवर उतरलात की समुद्राकडे तोंड करून उजवीकडे, शेवटपर्यंत चालत राहायचं. टोकाला एक लहान ओढा समुद्राला मिळतो, पलीकडे खडक आणि त्यांच्यापुढे झाडी असलेलं बेट. सुकतीला मधली वाळू उघडी पडते, थोडा भाग खडकांवरून जावा लागतो.

ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी ओलांडायला लागा आणि ओहोटी पूर्ण झाल्यावर तासाभरात परत किनाऱ्याला या. मोबाइलवर गजर लावा. बेटावर पोचल्यावर फोटोंच्या नादात वेळेचं भान राहत नाही, हे मी इतक्या पाहुण्यांच्या बाबतीत बघितलंय की आता गजर माझ्याच फोनवर असतो. अडकलातच तर पोहत यायचा पराक्रम करू नका. उंच खडकावर बसा, किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना किंवा होडीवाल्यांना हात करा.

खडकांवरून चालताना पायाकडे बघा. काळ्या खडकावर पांढुरक्या, खरबरीत कवचांचे थर दिसतील, ती कालवं. कडा पात्यासारख्या धारदार. अनवाणी पाय पडला की तळवा चिरतो, आणि खाऱ्या पाण्यात रक्त लवकर थांबत नाही. अंगठ्याची चप्पल इथे काही कामाची नाही, ती वाळूत रुतून राहते आणि हिरव्या शेवाळावर घसरते. मागे पट्टा असलेली प्लॅस्टिकची पावसाळी सँडल घाला. चावडीच्या, म्हणजे काणकोणच्या मुख्य बाजारात मिळते, स्वस्तात.

मुलांना बेटापेक्षा वाटेतल्या डबक्यांत जास्त रस वाटतो, आणि ते बरोबरच आहे. पाणी मागे गेलं की खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. उकिडवं बसून जरा वेळ हालचाल न करता बघायचं. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो. त्याच्या तोंडातून तांबूस पाय बाहेर येतात, दुसऱ्याच्या टाकलेल्या शंखात राहणारा तो खेकडा. बोटाची सावली पडली की झटकन आत. कडेच्या फटीत समुद्रफूल असतं, बारीक बारीक हात पसरून बसलेलं. त्याला काडी टोचायची नाही, आणि शंख घरी न्यायचा नाही. तो रिकामा वाटला तरी कुणाचं तरी पुढचं घर असतो.

बटरफ्लाय: पायी की होडीने

पायी जायचं तर पाळोळे-आगोंद रस्त्यावरून समुद्राच्या बाजूला एक मातीचा फाटा जंगलात शिरतो. तिथून दोनेक किलोमीटर कच्चा रस्ता, आणि शेवटी दहा-पंधरा मिनिटांची उतरणीची पायवाट. कच्च्या रस्त्यावर जांभ्याचे दगड वर आलेले, मधे पावसाने खणलेले चर. नणंदेचे यजमान "आमची गाडी कुठेही जाते" म्हणत नवी सेडान घेऊन शिरले. पहिल्याच चरात गाडीचं पोट टेकलं. ढकलायला मागून आलेली कारवारची चार पोरं मिळाली म्हणून निभावलं. तेव्हापासून घरात "आमची गाडी कुठेही जाते" हे वाक्य वेगळ्याच अर्थाने वापरतात. गाडी फाट्यावरच कडेला लावा आणि चाला. उंच जीप असेल आणि हात बसलेला असेल तरच पुढे जा. भाड्याची स्कूटर असेल तर दोघांनी बसून जाऊ नका, मागच्याला उतरवा. आणि गाडी असो वा स्कूटर, भाड्याची घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, पोलिसांनी अडवलं तर तुमचीच सकाळ फुकट जाते.

फाटा ओळखायचा कसा? नकाशावर भरवसा ठेवा, पण वाटेत दिसेल त्याला विचारा. मोबाइलचं नेटवर्क डोंगरात येतं-जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. रानात काजू भरपूर. खाली वाळलेल्या पानांचा थर असतो, त्यात पाय टाकण्याआधी काठी आपटायची. फुरसं पानांच्या रंगाचंच असतं आणि जागचं हलत नाही. फांद्यांना पानं शिवून केलेले गोळे लटकताना दिसले तर त्यांना धक्का लावू नका, ते हुमल्यांचं, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांचं घर. चावला की मुलं दिवसभर रडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काजूचा मोहर आणि पिकलेल्या बोंडांचा वास रानभर असतो. बोंडं पडलेली दिसली तरी उचलून पिशवीत भरू नका, त्या बागांना मालक आहेत.

शेवटची उतरण मुळांची आणि दगडांची आहे. जाताना सोपी, येताना दम काढणारी. गुडघेदुखी असलेल्यांनी हा रस्ता धरू नये. सूर्यास्त बघायचा मोह सगळ्यांना होतो, किनारा पश्चिमेकडे आहे आणि दिसतोही सुंदर. पण डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो आणि झाडीत अंधार लगेच पडतो. त्या वाटेने टॉर्च असला तरी मी कुणाला वर चढू देत नाही. सूर्यास्त पाळोळ्यालाही तोच असतो.

होडीने जायचं तर पाळोळ्याहून किंवा आगोंदहून. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. भाव हंगामाप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे बदलतो, म्हणून आकडा सांगत नाही, पद्धत सांगते. माणशी भाव करू नका, पूर्ण होडीचा करा. जाऊन-येऊन किती, तिथे किती वेळ थांबणार, हे आधीच बोलून घ्या. नाहीतर "बटरफ्लाय दाखवतो" म्हणजे लांबून होडी फिरवून आणणं, असा अर्थ निघतो. आम्हाला उतरायचंय आणि दोन तास थांबायचंय, असं स्पष्ट म्हणा. ज्याने नेलं त्यानेच परत आणायचं, त्याचा फोन नंबर घ्यायचा, आणि निम्मे पैसे परत आल्यावर. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, लहान मुलांच्या मापाचं वेगळं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली.

पाळोळ्याच्या होड्या अरुंद असतात आणि एका बाजूला आडव्या दांड्यांना बांधलेली उलांडी असते. होडी कलंडू नये म्हणून ती असते. चढताना उलांडीच्या बाजूने लटकायचं नाही, त्या दांड्यांवर बसायचं नाही. बटरफ्लायला धक्का वगैरे काही नाही. नाखवा होडी वाळूजवळ आणतो, लाट मागे गेली की "उडी मारा" म्हणतो, आणि तुम्ही गुडघाभर, कधी मांडीभर पाण्यात. आमच्या आत्याबाईंनी साडी वर खोचून उडी मारली आणि पाठोपाठ आलेली लाट बघून जीन्समधले तरुण होडीतच बसून राहिले, हे आमच्याकडे अजून सांगितलं जातं. मोबाइल, पाकीट, गाडीची किल्ली हे सगळं जलरोधक पाउचमध्ये घालून गळ्यात. खिशात काही ठेवू नका.

सकाळचा समुद्र शांत असतो. मतलई वारा जमिनीकडून वाहत असतो आणि पाणी गुळगुळीत. दुपार झाली की खारा वारा सुटतो, होडी लाटांवर आपटायला लागते, पोटात ढवळतं. होडीनेच जाणार असाल तरी सकाळचीच वेळ धरा. वाटेत डॉल्फिन दिसतात, हमखास नाही पण बऱ्याचदा. आपल्याकडच्या किनाऱ्याजवळ फिरतात ते पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन. उड्याबिड्या फारशा मारत नाहीत, पाठ तेवढी दिसते आणि जाते. होडीवाल्याला "त्यांच्या मागे घे" म्हणू नका. इंजिन बंद करायला सांगा, जवळपास असले तर आपणच दिसतात.

आणि होडीवाला नाही म्हणाला तर ऐका. एकदा आकाश निरभ्र, ऊन छान, आणि नेहमीच्या नाखवाने मान हलवली: "आयज नाका, फाल्यां सकाळीं वच." (आज नको, उद्या सकाळी जा.) पाहुणे हिरमुसले, कुणी तरी जास्त पैसे देऊ केले. त्याने नुसतं बेटाच्या पलीकडच्या खडकाकडे बोट दाखवलं. लाटा तिथे मोठ्या अंतराने येत होत्या, पण आली की खडक पूर्ण बुडवत होत्या. वारा इथे नसला तरी लांबच्या समुद्रातल्या वादळाची फुगी दिवसांनंतर इथे पोचते, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत. हैदराबादची इनकॉइस ही संस्था अशा उंच लाटांचे इशारे देते, उन्हाळ्यात जाणार असाल तर तेही बघा.

माझं मत विचाराल तर जाताना पायी आणि येताना होडी. पायी गेलं की पहिल्या होडीच्या आधी पोचता येतं. दहाच्या पुढे एकामागून एक होड्या येऊ लागतात. आणि येताना उन्हात ती चढण चुकते. फक्त गाडी फाट्यावर राहील, याचा बंदोबस्त आधी करा. पाळोळ्याहून रिक्षाने फाट्यापर्यंत जा, म्हणजे प्रश्नच नाही.

पोचल्यावर

बीच अगदी लहान आहे, अर्धवर्तुळाकार, दोन्ही बाजूंना खडक आणि मागे झाडी. सगळा फिरायला पाच-दहा मिनिटं पुरतात. भरतीला वाळूचा पट्टा अरुंद होत जातो, तेव्हा सामान पाण्यापासून जवळ ठेवू नका. कोरड्या पाल्याची आणि काटक्यांची जी रेघ वाळूवर दिसते तिथपर्यंत मागची भरती आली होती. तिच्याही वर, झाडांच्या मुळाशी पिशव्या ठेवा.

शौचालय नाही, पाण्याचा नळ नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. हंगामात कधी कुणी शहाळी घेऊन बसतो, कधी नाही. माणशी दोन लिटर पाणी लागतंच. खायला तांदळाची भाकरी, सुक्या खोबऱ्याची चटणी, केळी, उकडलेली अंडी. कोकमाचं सरबत बाटलीत चांगलं राहतं. सोलकढी नेऊ नका, उन्हात नासते. स्टोव्ह नेऊन मॅगी करण्याची आणि बिअर फोडण्याची हौस असणाऱ्यांना: गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं दंडनीय आहे. २०१९ च्या दुरुस्तीत एकट्यादुकट्याला दोन हजार आणि टोळक्याला दहा हजारांपर्यंत दंड ठरला, पुढे तो आणखी वाढवला. दंड राहू द्या, फुटलेली बाटली वाळूत जाते आणि पुढच्या मुलाचा पाय कापते. कचरा उचलायला तिथे कुणी येत नाही. जे नेलं ते सगळं परत आणायचं, केळीची सालंसुद्धा.

पोहण्याबद्दल थोडं कडक बोलते. पाळोळ्याला आणि आगोंदला दृष्टी संस्थेचे जीवरक्षक असतात. बटरफ्लायला कुणी असेलच, असं धरून चालू नका. कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही, एकट्याने जायचं नाही, खडकांच्या कडेला पोहायचं नाही. लाटा फुटत नाहीत असा मधलाच शांत पट्टा दिसला तर तोच टाळा, तिथूनच पाणी बाहेर ओढलं जात असतं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला यायचं, ओढ सुटली की मग आत. जमत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करायचा. पायांनी वाळू घासत चालायची सवय लावा. तळाशी पाकट पडून असलं तर घासण्याने आधीच निघून जातं, पाय मात्र अंगावर पडला तर शेपटीचा काटा मारतं. जेलीफिश लागला तर गोड्या पाण्याने धुऊ नका आणि चोळूही नका, त्याने उरलेले डंखही फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे काडीने काढा. दम लागला, छाती भरून आली किंवा चेहरा सुजला तर सरळ दवाखाना.

बटरफ्लायहून होडीने आगोंदला जाऊन उतरणार असाल तर एक सांगते. आगोंद आणि दक्षिणेकडचं गालजीबाग ही ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घालायची ठिकाणं. साधारण नोव्हेंबर ते मार्च. वाळूत जाळी लावून, पाटी ठोकून राखलेले चौकोन दिसतील, ती घरटी. आत पन्नास-साठ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. कुंपणाजवळ खुर्च्या टाकू नका, रात्री मोबाइलचे दिवे पाडू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेने निघतात आणि समुद्राऐवजी हॉटेलकडे जातात. कासव, पिल्लू, अंडं, काहीही उचलणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, "फक्त फोटोसाठी" ही सबब चालत नाही.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे सगळं विसरा. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, जलक्रीडा बंद, पायवाटेवर निसरडं आणि जळवा. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र शांत झाला, असं पुस्तकात असतं. पाहुण्यांना घेऊन जायला मी तरी ऑक्टोबरचा मध्य उलटू देते.

यायचं कसं आणि नाहीच जमलं तर

मडगावहून काणकोण अंदाजे चाळीस किलोमीटर. कदंबच्या बसेस मडगाव स्टँडवरून सुटतात, करमल घाट उतरून चावडीला येतात. घाट वळणांचा आहे, बस लागणाऱ्यांनी पुढे बसावं. कोकण रेल्वेचं काणकोण स्टेशनही आहे, पण थोड्याच गाड्या थांबतात. मडगावला उतरणं सोपं. चावडीहून पाळोळे रिक्षाने काही मिनिटांवर. ओहोटी सकाळची असल्यामुळे आदल्या रात्रीच पाळोळ्याला, आगोंदला किंवा चावडीला मुक्काम करा. पणजीहून पहाटे निघून येतो म्हणणारे नवाला पोचतात, तोवर पाणी चढायला लागलेलं असतं.

तुमच्या सुट्टीत ओहोटी भलत्याच वेळी येत असेल तर बटरफ्लायचा हट्ट सोडा. दक्षिणेला राजबाग, तळपण, गालजीबाग हे लांबलचक किनारे आहेत. तिथे भरतीलाही वाळू उरते आणि गर्दी नसते. अगदी कर्नाटकच्या हद्दीला पोळे आहे, गोव्याचा शेवटचा किनारा. मासेमारीचं साधं गाव, दुकानं जवळजवळ नाहीत. शांतताच हवी असेल तर खरं सांगायचं तर पोळे बटरफ्लायपेक्षा उजवं. पण फोटोत ते तितकं दिसत नाही, म्हणून पाहुण्यांना पटत नाही.

निघण्याआधी चावडीवर पातळ भाजी आणि पाव खाऊन घ्या. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा पाव सकाळी गरम असतो, आणि पुढे चार-पाच तास काही मिळणार नसतं. परत आल्यावर अंगावरचं मीठ धुवायला हॉटेलात गेलात की वाळू न्हाणीच्या जाळीत जाते आणि मालक कुरकुरतो. किनाऱ्यावरच्या नळाखाली आधी पाय आणि सँडल धुवा. मग जेवण. चावडीत मासळीची थाळी बाराच्या पुढे मिळायला लागते. तळलेला बांगडा बहुधा उरतो, पण इसवण (सुरमई) हवं असेल तर एकच्या आत जाऊन बसा. आणि बाजारात खोलाची मिरची दिसली तर पावशेर बांधून घ्या. २०२० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, पुण्यात त्या नावाने भलतीच गळ्यात मारतात.